ऑनर्सचं चौथं वर्ष कुणाचं?



आपल्या वस्तीतलं एखादं पोरगं बी.ए. किंवा बी.एस्सी. झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता भरती, एमपीएससी की बी.एड.? पहाटे पाचला जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरापोरींमध्ये आपली किती असतात, हे कुणाला वेगळं सांगायला नको. भरतीची तयारी करण्यात कमीपणा नाही, घर त्या पगारावर उभं राहतं. पण 'तू ऑनर्सला बसणार का? आविष्कारला प्रकल्प टाकलास का?' असं त्या पोराला कोणी विचारत नाही. ना घरी, ना विहारात, ना संघटनेत. आणि महाविद्यालयात हा प्रश्न कुणाला विचारला जातो, हाच आजचा विषय आहे.

आधी बदल काय झालाय ते नीट समजून घेऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी आता चार वर्षांची होऊ शकते. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर 'ऑनर्स' किंवा 'ऑनर्स विथ रिसर्च'. महाराष्ट्रातल्या संलग्नित महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून आली. म्हणजे त्या वर्षी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत प्रवेश घेतलेली पोरं २०२७-२८ ला चौथ्या वर्षाच्या दारात उभी राहणार. आपल्याकडच्या संलग्नित महाविद्यालयांतली ही पहिलीच तुकडी. पहिल्या तुकडीत जे आत जातात, त्यांच्याकडे बघून पुढची दहा वर्षं ठरतं की हे वर्ग 'कोणासाठी' आहेत.

आता दाराची उंची बघा. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा ७.५ सीजीपीए लागतो. चौथ्या वर्षात मार्गदर्शकाच्या हाताखाली १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत थेट उतरता येतं. त्यात अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना ५ टक्क्यांची शिथिलता देता येते. म्हणजे पीएच.डी.च्या दारात आपल्या पोराला ७० टक्क्यांवर उभं राहता येईल. पण त्याच्या आधीचं दार, म्हणजे संशोधनाच्या चौथ्या वर्षाचं दार, तिथे तुमचं महाविद्यालय त्याला ७० वर घेणार आहे का? हा प्रश्न तोंडी नको. अर्ज लिहून, पोच घेऊन विचारा.

तीन वर्षांची पदवी आणि मग दोन वर्षांचं एम.ए. हा जुना रस्ता बंद झालेला नाही. चौथं वर्ष हुकलं म्हणजे आयुष्य बुडालं, असं कोणी घाबरवत असेल तर ऐकू नका. पण नवा रस्ता एक वर्षाने लहान आहे. गरिबाच्या घरात एका वर्षाची किंमत काय असते हे आपल्याइतकं कुणाला कळतं?

दार उघडं आहे, पण...

जळगावचं विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला पुणे विद्यापीठापासून वेगळं झालं. २०१८ ला त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला लागलं, ही खानदेशाला अभिमानाची गोष्ट आहे. या विद्यापीठाच्या आवारात आणि तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत हुशार विद्यार्थ्याला मिळू शकणाऱ्या संधी खरोखर कमी नाहीत. राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ पासून चालू असलेली 'आविष्कार' संशोधन स्पर्धा आहे. त्यात मानव्यविद्येपासून शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माणापर्यंत विभाग आहेत आणि पदवीच्या पोरांसाठी वेगळा स्तर आहे. 'युवारंग' युवक महोत्सव आहे, तिथून राज्याच्या 'इंद्रधनुष्य'कडे वाट जाते. १९६९ पासूनची राष्ट्रीय सेवा योजना आहे, तिचं सात दिवसांचं शिबिर आहे. कमवा व शिका आहे. विद्यार्थी विकास विभाग आहे.

यातल्या कशावरही 'मागासवर्गीयांनी येऊ नये' अशी पाटी नाही. तरीही बक्षीस समारंभाचे फोटो बघा आणि आडनावं वाचा. मग वर्गाच्या हजेरीपटावरची आडनावं वाचा. दोन्ही यादींत फरक दिसला, तर तो फरक कुठून आला हे विचारणं म्हणजे समाजशास्त्र.

फ्रान्सच्या पिएर बोर्द्यू आणि झां-क्लोद पासरों यांनी १९६४ ला तिथल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'वारसदार' अशा अर्थाचं आहे. त्यांचा मुद्दा साधा होता. परीक्षा सगळ्यांना सारखी असली तरी घरून आणलेली भाषा, वाचन, ओळखी, सभेत बोलायची सवय सारखी नसते. विद्यापीठ या घरच्या शिदोरीलाच 'गुणवत्ता' म्हणतं आणि ज्याच्याकडे ती नाही त्याला 'कमी पडतो' म्हणतं. ही शिदोरी म्हणजे सांस्कृतिक भांडवल. आपल्याकडे तर त्यावर जातीचं कुलूपही आहे.

खानदेशात ते कसं चालतं? आविष्कारची सूचना फळ्यावर लागते. ज्याचे वडील प्राध्यापक किंवा संस्थेत ओळखीचे, त्याला ती लागायच्या आधी कळते. त्याला मार्गदर्शक मिळतो, मार्गदर्शकाला त्याचा विषय आवडतो. आपली पोरगी एस.टी.च्या पासवर साक्री किंवा चोपडा तालुक्यातल्या गावातून येते. शेवटचा तास संपायच्या आधी बस धरते, नाहीतर पुढची बस अंधारात. सूचना फळ्यावर लागली तेव्हा ती कापूस वेचायला गेलेली असते. आणि स्टेजवर उभी राहिलीच, तर अहिराणी वळणाच्या बोलण्यावर मागच्या बाकावरून हसू येतं. कोणी तिला हाकललेलं नाही. तिची जागा फक्त तिच्यासाठी ठेवलेली नाही.

नव्या रचनेत हे आणखी टोकदार होतं. पूर्वी शिबिर, क्षेत्रकार्य, सांस्कृतिक उपक्रम ही हौस होती. आता सहशालेय उपक्रम, क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना क्रेडिट आहेत. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या १ क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे ४ क्रेडिट म्हटले की १२० तास. हे तास कोण देऊ शकतो? सुट्टीत रावेर-यावलच्या केळीच्या बागेत मजुरीला जाणारा? आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेला? ज्याचा वेळ विकून घर चालतं त्याच्याकडे 'उपक्रमा'साठी वेळ मागणं म्हणजे त्याच्या चुलीतलं लाकूड मागणं. म्हणून कमवा व शिका ही योजना दयेची नाही, ती या रचनेची अट असली पाहिजे. क्रेडिटचे तास वाढवता, तर कमवा व शिकाच्या जागा आणि मोबदला वाढवा, ही मागणी आपण करायला हवी.

आपला वारसा काय सांगतो?

काही कार्यकर्ते म्हणतात, स्पर्धा-महोत्सव-सेमिनार ही भरल्या पोटाची कामं. त्यांना एकच तारीख सांगतो: ९ मे १९१६. त्या दिवशी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये एका २५ वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. जातिअंताच्या विचाराची पायाभरणी करणारा तो निबंध मुळात वर्गातलं एक सादरीकरण होता. बाबासाहेबांनी कॅम्पसवरची संधी सोडली नाही आणि तिथे विषयही आपला नेला.

नंतर त्यांनी स्वतः महाविद्यालयं उभारली तेव्हाही हेच केलं. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरायची आणि १९५० ला खुद्द बाबासाहेब तिथे हिंदू कोड बिलावर बोलले. मिलिंदच्या पोरांनी प्राचार्य म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' हे नाटक बाबासाहेबांसमोर केलं. त्याच मिलिंदच्या परिसरातून गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' उभं राहिलं आणि दलित साहित्याच्या कितीतरी पिढ्या त्यात लिहित्या झाल्या. नाटक, वादविवाद, नियतकालिक ही सगळी महाविद्यालयातली 'अॅक्टिव्हिटी'च होती. म्हणून ही कामं आपली नाहीत असं म्हणणं म्हणजे आपलाच इतिहास दुसऱ्याच्या नावावर करणं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे धोरणच आपल्या विरोधात आहे, मग त्याच्या ऑनर्सला का बसायचं? धोरणावरच्या टीकेशी मी सहमत आहे. 'बाहेर पडण्याची मुभा' हे गळतीचं गोंडस नाव ठरू शकतं. पहिल्या वर्षानंतर सुटलेल्या भिल्ल किंवा पावरा पोराच्या हातात प्रमाणपत्र देऊन आपण त्याला 'गळाला' म्हणणं थांबवू, पण तो गळलेलाच असेल. शिवाय संशोधनाचं चौथं वर्ष जिथे मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहेत तिथेच चालणार. अक्कलकुव्याच्या पोराला त्यासाठी धुळे-जळगाव गाठावं लागलं तर राहण्याखाण्याचं काय? हे प्रश्न रस्त्यावर मांडलेच पाहिजेत. पण बहिष्काराने जागा रिकामी राहत नाही, ती दुसरं कोणी भरतं. उद्याचे सहायक प्राध्यापक, संशोधक, अभ्यास मंडळांचे सदस्य याच वर्गांतून निघणार. त्यात आपण नसू तर वीस वर्षांनी आपल्यावरचे प्रबंध पुन्हा दुसरेच लिहितील.

आणि विषयांची वाण आहे का? १९३७ ला पूर्व खानदेशातून स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर विधानसभेत गेलेल्या दौलतराव गुलाजी जाधवांवर आपल्यापैकी किती जणांना चार वाक्यं बोलता येतील? दर ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर हजारो लोक बाबासाहेबांच्या १९३७ च्या मुक्कामाची आठवण म्हणून जमतात. त्या यात्रेत कोण येतं, का येतं, आजीआजोबांनी काय ऐकलं होतं, हे लिहून काढलं तर पदवीचा उत्तम प्रकल्प होईल. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथे जाऊन कागद बघा. आपल्याबद्दल काय लिहिलंय तेही बघा आणि काय लिहिलेलंच नाही तेही बघा. शहाद्याच्या श्रमिक संघटनेची चळवळ, केळी मजुरांची मजुरी, भिल्ली-पावरी बोली, वस्तीतलं पाणी. विषय आपल्या अंगणात पडलेत.

करायचं काय?

एक. प्रत्येक विहारात जूनमध्येच एक फळा लावा. त्यावर आविष्कार, युवारंग, एनएसएस, कमवा व शिका, भारत सरकार शिष्यवृत्ती, स्वाधार आणि आदिवासी पोरांसाठी स्वयं योजना यांच्या तारखा लिहा. महाविद्यालयाच्या फळ्यावर विसंबू नका.

दोन. एम.ए., पीएच.डी. झालेल्या प्रत्येकाने पदवीचं एक पोर धरावं. ते पोर बौद्धच असलं पाहिजे असं नाही. मातंग, चर्मकार, भिल्ल, तडवी, पावरा घरातलं पोर आपल्या विहारात आलं तर त्याला पाहुणा समजू नका. आपली दारंही नुसती उघडी असून चालणार नाहीत.

तीन. महाविद्यालयांकडे लेखी माहिती मागा: आविष्कारला किती प्रकल्प गेले, त्यात मागासवर्गीय विद्यार्थी किती, चौथ्या वर्षाची प्रवेशाची अट काय, २०१२ च्या यूजीसी समता नियमांनुसार समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी कुठे बसतो. सरकारी आणि अनुदानित संस्थेला माहितीचा अधिकार लागू आहे, तो वापरा. डॉ. पायल तडवी जळगावची होती. २०१९ मध्ये ती गेल्यावर तिची आई आणि रोहित वेमुलाची आई मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या याच कक्षांची अंमलबजावणी व्हावी म्हणून. हुशार असणं आपल्या पोरांना वाचवत नाही, हे त्या दोघींनी सगळ्यात महाग किंमत मोजून सांगितलं. म्हणून पोराला ऑनर्सला पाठवणं आणि तिथे त्याच्या पाठीशी उभं राहणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

चार. जयंतीच्या वर्गणीतून एक हिस्सा बाजूला काढा. डीजेचा एक तास कमी केला तर एका पोराच्या टायपिंगचा, छपाईचा, जळगावला जाण्या-येण्याचा खर्च निघतो. यावरून मंडळात भांडण होईल, होऊ द्या. भांडण्यासारखा तो विषय आहे.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातलं 'शिका' आपण पदवीच्या कागदावर थांबवलं. २०२७-२८ ला तिन्ही जिल्ह्यांत ऑनर्सच्या पहिल्या याद्या लागतील. त्यात आपल्या वस्तीचं एकही नाव नसेल तर त्या दिवशी निवेदन देऊन उपयोग नाही. त्या यादीतली नावं आज पदवीच्या वर्गात बसलेली आहेत. या रविवारी विहारात वंदनेनंतर त्यांना थांबवून घ्या आणि विचारा, तुला पुढे काय शोधायचंय?

जय भीम! नमो बुद्धाय!