मोठा पिंजरा नको, पिंजराच नको
अंडी देणाऱ्या प्रत्येक कोंबडीला पिंजऱ्यात किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा हवी, असे केंद्राचे २०२३चे नियम सांगतात. जुन्या पोल्ट्रींना त्यासाठी १ जानेवारी २०३०पर्यंत मुदत आहे. ए-फोर कागद साधारण ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. सुधारणा म्हणून मिळणारी जागाही त्याहून कमी! तेवढ्यात कोंबडीने वर्षाहून अधिक काळ उभे राहायचे, तेही उतरत्या जाळीवर, कारण अंडे घरंगळून पुढे यायला हवे.

अंडे घालायची वेळ झाली की कोंबडी आडोसा शोधते. कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही घरात विचारा, कणगीमागे नाहीतर गवताच्या भाऱ्याआड अंडी सापडल्याचे सांगतील. ती माती उकरते, धुळीत लोळून पिसे साफ करते, रात्री उंचावर बसते. पिंजऱ्यात पंखही पुरते पसरता येत नाहीत. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देताना कवचासाठी हाडांतले कॅल्शियम खर्ची पडते. त्यात हालचाल नाही, म्हणून हाडे ठिसूळ होऊन मोडतात. कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचतात, म्हणून पिल्लांच्या चोचीची टोके कापली जातात. चोचीत मज्जातंतू असतात, त्यांना दुखते.

प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११नुसार गुन्हा आहे. हे पिंजरे त्याच कलमाचा भंग करतात, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१३मध्येच राज्यांना कळवले होते. तरीही दहा वर्षांनी नियम आले ते पिंजरा हटवायला नव्हे, त्याचे माप ठरवायला. यावर आमचा आक्षेप आहे. युरोपीय संघाने असे उघडेबोडके पिंजरे २०१२पासून बंद केले. स्वित्झर्लंडने तर त्याच्या वीस वर्षे आधी.

पोल्ट्रीवाल्याला खलनायक ठरवणे मात्र अन्यायाचे. मका आणि सोयापेंडीचा भाव त्याच्या हातात नाही, अंड्याचा दर रोज बदलतो, शेडवर कर्ज असते. मोकळ्या शेडला जागा आणि मजूर जास्त लागतात, अंडे महाग पडते. हा भार एकट्या त्याच्यावर टाकता येणार नाही. म्हणून नव्या पिंजऱ्यांना परवानगी आणि अनुदान देणे आजपासून थांबवावे, शेड बदलणाऱ्यांना कमी व्याजाचे कर्ज द्यावे आणि सरकारी योजनांसाठीची अंडी पिंजरामुक्त पोल्ट्रींकडून, वाढीव दराने, टप्प्याटप्प्याने घ्यावीत. २०३० ही मुदत पिंजरे रुंद करण्याची नव्हे, ते काढून टाकण्याची असावी, अशी दुरुस्ती केंद्राने नियमांत करावी.