आरसीईपीबाहेर सहा वर्षे : नेमके वाचले कोण?

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने ‘आरसीईपी’ या व्यापारी गटातून अंग काढून घेतले. २०१२ पासून त्याच्या वाटाघाटी सुरू होत्या. आसियानचे दहा देश, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अशा उरलेल्या १५ देशांनी नोव्हेंबर २०२० मध्ये करारावर सह्या केल्या. १ जानेवारी २०२२ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला, तिच्याशी कराराची बोलणी चालली आणि तोच वाद पुन्हा उभा राहिला : आत जायचे की बाहेर राहायचे?

एक बाजू म्हणते, बाहेर पडल्यामुळे शेतकरी वाचला. दुसरी बाजू म्हणते, व्हिएतनामसारखे देश पुढे गेले आणि आपण कारखानदारीची संधी घालवली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण धाराशिवमध्ये उभे राहून पाहिले तर आम्हाला तिसरा प्रश्न दिसतो. ज्याच्या सातबाऱ्यावर गुंठाही नाही, तो या हिशेबात कुठे आहे?

आधी दुधाचे पाहू. न्यूझीलंड आपल्या दुधाचा बहुतांश भाग निर्यात करतो. तिथली स्वस्त दूध पावडर आपल्याकडे मोकळी आली असती तर भूम-वाशीकडच्या खव्याच्या भट्ट्यांना आणि दोन जनावरांवर घर चालवणाऱ्यांना मोठा फटका बसला असता. भूमिहीन कुटुंबाला शेत नसले तरी एखादी म्हैस, चार शेळ्या असतात. म्हणून २०१९ चा निर्णय दुधापुरता बरोबर होता, असे आमचे मत आहे.

सोयाबीनचे मात्र वेगळे झाले. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. इंडोनेशिया आणि मलेशियाचे पामतेल येण्यासाठी आरसीईपीची गरजच नव्हती. आसियानशी आपला वस्तुव्यापार करार २०१० पासून आहेच. त्यात मे २०२५ च्या अखेरीस केंद्राने कच्च्या पामतेल, सोयातेल आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. ऑगस्टमध्ये कापसावरील ११ टक्के शुल्कही वर्षअखेरपर्यंत माफ केले. त्याच ऑगस्टमध्ये शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही, असे पंतप्रधान सांगत होते. म्हणजे गटाचा दरवाजा बंद ठेवला, पण अधिसूचनेची खिडकी उघडीच राहिली.

२०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. त्याआधीच्या हंगामात तो ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्या खालीच विक्री झाली. जगातले वाढलेले उत्पादन आणि पेंडीची घटलेली मागणी हीही त्याची कारणे आहेत. सगळा दोष आयातीवर टाकता येत नाही. २०२५ मध्ये तर सप्टेंबरच्या अतिवृष्टीने परंडा, भूम भागात उभे पीकच पाण्यात गेले.

याचा शेवटचा भार कुणावर पडतो? भाव पडला की शेतकरी आधी मजुरीत हात आखडतो. काढणीचे गुत्ते कमी दराने जाते, नाहीतर शेतात हार्वेस्टर येते. ज्या बायामाणसांच्या हाताला दिवाळीआधी काम मिळायचे, ते बुडते. मग मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जायचे आणि पोरांची शाळा अर्धवट सोडायची. पंचनामा शेतमालकाच्या नावाने होतो. मजुराच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा कुणी करत नाही.

इथे एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. हाच मजूर तेल आणि डाळ विकत घेऊन खातो. तेल महागले की पहिली कात्री त्याच्याच कढईला लागते. त्यामुळे ‘आयात बंद करा’ ही घोषणा आपल्या वस्तीने जशीच्या तशी उचलणे बरोबर नाही. शेतकऱ्याला भाव, मजुराला वाढीव रोज आणि रेशनवर तेल-डाळ, या तिन्ही मागण्या एकत्रच मांडाव्या लागतील.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिताना दाखवून दिले होते की नुसते तुकडे जोडून हा प्रश्न सुटणार नाही. शेतीवरचा जादा भार उद्योगांकडे वळवावा लागेल. आज धाराशिव आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि आपली मुले चाकण-रांजणगावला कंत्राटी कामावर आहेत. बाहेर राहून वाचवायचे असेल तर वाचवलेल्या वर्षांत इथे उद्योग उभे राहायला हवे होते. संरक्षण दिले, पण त्या आडोशाला काही उभारले नाही, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप लोकशाहीचा आहे. युरोपीय संघातून बाहेर पडण्याआधी ब्रिटनने २०१६ मध्ये सार्वमत घेतले. निकाल कुणाला पटो न पटो, प्रश्न घराघरात गेला. आपल्याकडे शेती हा राज्यसूचीतला विषय, पण व्यापार करार केंद्र सरकार करते आणि त्याला संसदेची मंजुरी घेणे बंधनकारक नाही. आत जाणे असो की बाहेर पडणे, ज्याच्या ताटाचा प्रश्न आहे त्याला विचारलेच जात नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. जमिनीचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९५९ आणि १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले. आज गायरानासोबत आयात शुल्काचाही अभ्यास करावा लागेल. आपल्या गावात या हंगामात किती मजुरांचे किती रोज बुडाले, याची नोंद करा. ती ग्रामसभेत मांडा आणि ठराव घ्या. खासदार-आमदारांना विचारा : शुल्क कमी करण्याआधी हमीभावाने खरेदी का होत नाही, आणि नुकसानभरपाईत मजूर का नाही?

पुढचा करार होईल तेव्हा टेबलावर आपल्यापैकी कुणी नसेल. निदान आपली आकडेवारी तरी तिथे पोचली पाहिजे.