जोत्याखालचे कीटकनाशक

दुर्ग-भिलाईच्या वेशीवर भाताच्या बांध्या बुजवून नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. त्यांच्या फलकांवर ‘पर्यावरणपूरक’ हे विशेषण ठळक अक्षरांत असते. छतावर सौर पटल, अंगणात पुनर्भरणाचा खड्डा, भिंतींना राखेच्या विटा. या सर्वांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु जोते भरण्यापूर्वी त्या मातीत काय ओतले गेले, हे कोणी विचारत नाही.

हे मी मोठ्या अधिकाराने लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः अशाच एका वसाहतीत घर बांधले. वाळवी प्रतिबंधाचे कलम करारनाम्यात होते. ते मी न वाचताच सही केली होती. आषाढातल्या एका ढगाळ दुपारी कंत्राटदाराच्या माणसांनी, हातमोजेही न घालता, पायाच्या चरांत क्लोरपायरिफॉसचे पाणी सोडले. संध्याकाळी पाऊस कोसळला. चर भरून वाहिले आणि ते पाणी शेजारच्या बांधीत उतरले. सकाळी त्या बांधीत लहान मासोळ्या आणि खेकडे उलटे पडलेले होते. शेजारच्या शेतकऱ्याने शांतपणे विचारले, “साहेब, आम्हाला फवारणी जपून करा म्हणून सांगायला तुमच्याच कचेरीतली माणसं येतात ना?”

त्या प्रश्नाने मला हिशेब करण्यास भाग पाडले. वाळवी प्रतिबंधासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस ६३१३, भाग २) जोत्याच्या भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण द्यावयाचे असते. क्लोरपायरिफॉस वापरल्यास त्याची तीव्रता १ टक्का, म्हणजे २० टक्के ईसीच्या १ भागास १९ भाग पाणी. १०० चौरस मीटरच्या साध्या घराला ५०० लिटर द्रावण, अर्थात २५ लिटर मूळ औषध लागते. पायाच्या बाजू आणि सभोवतालचा पट्टा यांचा खर्च वेगळाच. भाताच्या खोडकिडीसाठी याच औषधाची लेबलवरील मात्रा हेक्टरी सव्वा ते पावणेदोन लिटरच्या आसपास आहे. एका घराच्या जोत्याखाली जे जाते, त्यात सुमारे पस्तीस ते पन्नास एकर भात एकदा फवारून होईल. शिवाय शेतात आपण आर्थिक नुकसानीची पातळी गाठेपर्यंत थांबण्यास सांगतो. येथे एकही वाळवी दिसण्याआधी पूर्ण मात्रा दिली जाते.

क्लोरपायरिफॉस मातीच्या कणांना घट्ट चिकटते, त्यामुळे ते सहजासहजी खोल झिरपत नाही, हा त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद खरा आहे. पण पावसात मातीच वाहून जाते, आणि मासे, कवचधारी जीव व मधमाश्या यांना ते अत्यंत घातक आहे. २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या परिषदेने या रसायनाला निर्मूलनाच्या यादीत घेतले, काही सवलती ठेवून. पाऊस पडत असताना किंवा माती ओली असताना उपचार करू नये, विहिरी दूषित होऊ देऊ नयेत, असे मानकही बजावते. उल्लंघन झाले ते त्या ओळींचे; मात्रा मात्र कंत्राटदाराने काटेकोर पाळली होती, कारण दहा वर्षांची हमी तिच्यावरच अवलंबून होती.

वाळवीचा बचाव करण्याचा माझा हेतू नाही. चौकटी पोखरलेले घर मी पाहिले आहे, आणि बांधून झालेल्या घरात फरशीला भोके पाडून औषध भरणे अधिक धोक्याचे असते, हेही जाणतो. परंतु भारतातील सुमारे तीनशे जातींपैकी लाकडाला व पिकांना त्रास देणाऱ्या थोड्याच. उरलेल्या पालापाचोळा कुजवून माती घडवतात. छत्तीसगढी शेतकरी वारुळाला भिंभोरा म्हणतो.

याच मानकाचा पहिला भाग बांधकामातील उपायांविषयी आहे. तो फारसा कोणी उघडत नाही. खड्ड्यातील मुळे, खोडे आणि सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे भरावात न पुरणे, जोते उंच घेणे, नळ-वायरींच्या भोवतीच्या फटी बुजवणे, भिंतीला लागून सलग काँक्रीटचा पट्टा देणे. यात नवे काही नाही. वखरणी करून धसकटे वेचण्याचा सल्ला आपण देतोच, त्याच जातीचे हे काम आहे. एवढे केल्यावर रसायन लागलेच, तर ते भिंतींच्या रेषेपुरते, कोरड्या हवेत, परवानाधारक व्यक्तीकडून द्यावे.

मला विशेष आशा वाटते ती दगडी थराची. हवाई बेटांवर जोत्याखाली सुमारे १.७ ते २.४ मिलिमीटर आकाराच्या बेसाल्ट कणांचा थर अंथरण्याची पद्धत विकसित झाली. कण इतके जड की वाळवीला जबड्यात उचलवत नाहीत. फटी इतक्या अरुंद की तिचे डोके त्यांतून जात नाही. महाराष्ट्रात काळ्या दगडाच्या चुरीला तोटा नाही. भिलाईत १९५९ पासून झोतभट्ट्या पेटलेल्या आहेत आणि त्यांचा स्लॅग उपलब्ध आहे. मात्र हवाईचे आकडे येथे जसेच्या तसे चालणार नाहीत, कारण तेथील वाळवी वेगळी आणि आपली वारुळे बांधणारी ओडोंटोटर्मिस वेगळी. तिच्या डोक्याची रुंदी मोजून, खडी व स्लॅगच्या वेगवेगळ्या चाळण्यांतील कण घेऊन चाचण्या लावाव्या लागतील. हे काम खर्चिक नाही. एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन हंगामांत करता येईल.

तोवर विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. गावाच्या कडेला प्लॉट पडू लागले की पुढच्या कीड व्यवस्थापन वर्गाला तेथील गवंडी आणि ठेकेदार यांनाही बोलवा. माझ्या शेजाऱ्याच्या बांधीकडे जाणारा उतार मी आता मातीचा बांध घालून अडवला आहे. त्या बांधीत यंदा खेकड्यांची बिळे पुन्हा दिसली. मासोळ्या मात्र अजून आलेल्या नाहीत.