कॅमेऱ्याचा शोध 'आपण' लावला का?

दर काही महिन्यांनी एक पोस्ट माझ्या मोबाइलवर येते. कॅमेऱ्याचा शोध इब्न अल हैसम या मुस्लिम शास्त्रज्ञाने लावला आणि 'कॅमेरा' हा शब्दही मूळ अरबी आहे, असे तिच्यात असते. खाली 'माशाअल्लाह'ची रांग लागलेली असते. ही पोस्ट पुढे पाठवण्याच्या मी विरोधात आहे, आणि ते इब्न अल हैसमच्या प्रेमापोटीच.

आधी शब्दाचे पाहू. 'कॅमेरा' हा लॅटिन शब्द, अर्थ खोली. हिंदी-उर्दूतला 'कमरा' पोर्तुगीजांबरोबर आला, तोही त्याच घराण्यातला. अरबीचा इथे संबंध नाही. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून प्रकाश आला की समोरच्या भिंतीवर बाहेरचे चित्र उलटे उमटते, हेही इब्न अल हैसमच्या कितीतरी आधी चीनमध्ये मोझीच्या अनुयायांनी लिहून ठेवले होते. आणि चित्र टिकवणारा कॅमेरा म्हणाल, तर फ्रान्समध्ये निएप्सने १८२६-२७च्या सुमारास डांबराचा थर दिलेल्या पत्र्यावर खिडकीबाहेरचे दृश्य पकडले. १८३९ साली दागेरची पद्धत जगासमोर आली आणि छायाचित्रण सुरू झाले.

मग इब्न अल हैसमचे काय उरते? माझ्या मते, कॅमेऱ्याहून मोठे काहीतरी.

सुमारे ९६५ साली बसऱ्यात जन्मलेला हा माणूस पुढे काहिऱ्यात राहिला. युक्लिड आणि टॉलेमी यांचे म्हणणे होते की डोळ्यातून किरण निघतात, ते वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून दिसते. शेकडो वर्षे ज्यांची नावे आदराने घेतली जात होती, अशी ही माणसे. इब्न अल हैसमने विचारले, मग सूर्याकडे पाहिल्यावर डोळा का दुखतो? प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो, हे त्याने 'किताब अल मनाझिर'च्या सात भागांत मांडले.

अंधारी खोली त्याला हवी होती ती तपासणीसाठी. छिद्रासमोर त्याने वेगवेगळ्या जागी अनेक दिवे ठेवले. आत भिंतीवर तितकेच ठिपके पडले. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होई, बाकीचे जसेच्या तसे. म्हणजे सगळा प्रकाश त्या एवढ्याशा छिद्रातून एकाच वेळी जातो, तरी एकमेकांत मिसळत नाही आणि सरळ रेषेतच जातो. सूर्यग्रहणावर तर त्याने स्वतंत्र निबंध लिहिला. छिद्र लहान असेल तर ग्रहणातल्या सूर्याची कोर भिंतीवर दिसते. मोठे केले तर ती का नाहीशी होते, याचा हिशेब त्यात आहे.

त्याच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर युरोपात हस्तलिखितांतून फिरले, १५७२ साली बाझलमध्ये छापलेही गेले. तिथे त्याचे नाव 'अल्हाझेन' झाले. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' हा शब्द केप्लरने १६०४ मध्ये वापरला, तोवर हे ज्ञान चीन, ग्रीस, इराक, इजिप्त अशा अनेक ठिकाणी माहीत झालेले होते. आमच्या वेळच्या शाळेच्या पुस्तकात ही साखळी थेट ग्रीसवरून युरोपात उडी मारायची. त्याचा मला राग आहेच. पण मधला दुवा पुसणाऱ्यांना उत्तर म्हणून आपण उरलेले सगळे दुवे पुसायचे, हा कुठला न्याय?

याच माणसाने टॉलेमीवरच्या शंकांचे एक अख्खे पुस्तक लिहिले आहे. आणि त्याच्याच नावाची पोस्ट आपण एकही शंका न घेता पुढे ढकलतो!

घरात मुले असतील तर वीज गेलेल्या रात्री एका पुठ्ठ्याला सुईने भोक पाडा. एका बाजूला थोड्या थोड्या अंतरावर तीन मेणबत्त्या, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद. मधली मेणबत्ती हाताने झाकायला सांगा आणि कुठला ठिपका जातो ते त्यांनाच ओळखू द्या.