आमचा काय संबंध?

कचेरीतील एखादी भगिनी वरिष्ठाच्या असभ्य वर्तनाची हकीकत सांगू लागताच ‘आमचा काय संबंध?’ म्हणून मान फिरवणारे सज्जन आम्हांस अपराध्याइतकेच धोक्याचे वाटतात. ते म्हणतात, ‘आधी पुरावा दाखवा.’ अहो, पण तुम्हांस न्यायाधीश नेमले कोणी? पुरावा तपासावयास १९९७ च्या ‘विशाखा’ निवाड्यामागून आलेल्या २०१३ च्या कायद्याने समिती दिली आहे. दहा वा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे ती असलीच पाहिजे. आदिलाबादेलगतच्या मावल्यातील दुकानात किंवा दवाखान्यात चारच माणसे असतील. त्यांच्यासाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

आरोपीवर अन्याय होईल, ही भीती आम्ही क्षुल्लक मानीत नाही. गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात चौकशी घाईने उरकली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ती पुन्हा करावयास लावली. मात्र त्याच निकालात, समित्या खरोखर नेमल्या आहेत काय, हे पडताळण्याचेही फर्मावले. घाई नको, तशी टाळाटाळही नको.

सहकाऱ्याचे कर्तव्य याहून साधे आहे. तिचे ऐकून घ्यावे, तिच्या संमतीवाचून कोठे वाच्यता करू नये, तक्रार लिहावयास हातभार लावावा, डोळ्यांनी पाहिले असेल ते साक्षीत सांगावे. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची. सबळ कारण असल्यासच ती आणखी तीन महिने वाढते. ‘बघू पुढे’ म्हणता म्हणता ती सरते. एवढेही ज्यांस जमत नाही, त्यांनी निदान सज्जनपणाची पदवी तरी मिरवू नये.