गडावरचा मुक्काम

हरिश्चंद्रगडावर तंबू ठोकून रात्र काढण्याचा आनंद काही निराळाच! कोकणकड्यावरून मावळता सूर्य पाहावा, गरम पिठले-भात जेवावा आणि चांदण्यांखाली निजावे. परंतु सकाळी तंबू उठले, की मागे बहुधा एक उथळ खड्डा उरतो. त्यात उष्टे अन्न, पिशव्या आणि बाटल्या एकत्र कोंबलेल्या असतात. कचरा पुरला म्हणजे आपले काम संपले, अशी पुष्कळांची समजूत आहे. मला ती मुळीच मान्य नाही. अन्नाच्या वासाने रानातली जनावरे तो खड्डा उकरतात, आणि पावसाळ्यात त्यातील घाण उताराने वाहू लागते. गडावर कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. येणारेजाणारे त्यांतलेच पाणी पितात. प्लॅस्टिक जाळावे, तर विषारी धूर होतो.

म्हणून कचऱ्याची निवड मुक्कामावरच, चुलीपाशी व्हावी. ओल्यासाठी एक झाकणाचा डबा आणि सुक्यासाठी एक पिशवी पुरे. ओल्याचे घरी खत होते. बाटल्या, पत्र्याचे डबे व कागद यांपासून पुन्हा नव्या वस्तू घडतात. पण कागदावर एकदा का आमटी सांडली, की भंगारवालाही तो घेत नाही.

गडावर कचरापेट्याच का ठेवू नयेत, असे कोणी विचारील. भरलेली पेटी खाली कोण आणणार? तेथे घंटागाडी जात नाही. शिध्याने भरलेली पिशवी आपणच चढ चढून वर नेलेली असते. उतरताना तर ती कितीतरी हलकी झालेली असते.