विश्लेषण : घरच्या संगणकाला नवा प्रोसेसर हवा की जास्त रॅम? मेमरी महागल्याने गणित कसे बदलले?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याच सुमारास रॅमचे भाव झपाट्याने चढू लागले. हिंजवडी, माण, मारुंजी ही आयटी पट्ट्यातील गावे मुळशी तालुक्यात येतात. करोनाकाळापासून इथल्या अनेक घरांत ऑफिसचे काम आणि मुलांचा अभ्यास घरच्याच संगणकावर होतो. अशा जुन्या संगणकाचे काय करायचे?

अडचण नेमकी कुठे?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. प्रोसेसर मोजके अपवाद वगळता इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझेन २००० मालिकेचा, अथवा त्यानंतरचा हवा. म्हणजे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक या यादीबाहेर राहतात, मग त्यांत कितीही रॅम असो.

फक्त प्रोसेसर बदलता येतो का?

ते मदरबोर्डवर ठरते. इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीचे सॉकेट एकाच नावाचे असले, तरी जुन्या बोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. तिथे बोर्डही बदलावा लागतो. नवा बोर्ड डीडीआर५ चा घेतला, तर जुनी डीडीआर४ रॅम निरुपयोगी ठरते. एएमडीच्या एएम४ बोर्डचे मात्र वेगळे आहे. बायोस अद्ययावत केल्यास अनेक जुन्या बोर्डवर रायझेन ५००० मालिका बसते आणि रॅम तीच राहते. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सहसा बोर्डलाच जोडलेला असल्याने तो पर्याय उरत नाही.

रॅम महाग का झाली?

जगातील बहुतांश डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआय डेटा सेंटरच्या मेमरीला मोठी मागणी असल्याने उत्पादन तिकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. त्यामुळे हाताशी असलेली रॅम वापरात ठेवणारा पर्याय आता अधिक परवडतो.

खर्चाआधी काय तपासावे?

नेहमीची कामे सुरू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅम अपुरी आहे. सीपीयू १०० टक्क्यांवर अडकत असेल तर प्रोसेसर कमी पडतो आहे. दोन्ही निवांत असून डिस्क १०० टक्के दिसली, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तिथे एसएसडी बसवल्यास फरक लगेच जाणवतो.

रॅम न वाढवता काय करता येईल?

संगणकासोबत आपोआप सुरू होणारी अॅप बंद करावीत आणि ब्राउझरचे मेमरी सेव्हर चालू ठेवावे. रॅम भरल्यावर विंडोज डिस्कवरील पेज फाइल वापरते. ती एसएसडीवर असावी, बंद करू नये. रॅमचा एक स्लॉट रिकामा असेल तर शक्यतो त्याच क्षमतेची व वेगाची दुसरी पट्टी घ्यावी. ड्युअल चॅनेलमुळे वेग वाढतो.

मग निर्णय काय?

संगणक यादीत बसत असेल तर आधी एसएसडी, मग गरजेपुरती रॅम. एएम४ असेल तर प्रोसेसर बदलणे फायद्याचे. यादीबाहेरच्या संगणकाला विंडोज १० ची वाढीव सुरक्षा नोंदणी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आधार देते; त्यानंतर लिनक्स हा मोफत पर्याय आहे. अशा संगणकात आज महाग रॅम भरणे म्हणजे मुदत संपत आलेल्या भाड्याच्या घराला नवी फरशी बसवणे.